कोकण किनारपट्टीतील वटवाघळे व त्यांची आश्रयस्थाने

वटवाघळांची चर्चा बहुधा त्यांच्या अन्नापासून सुरू होते. आंबा, चिकू, केळी यांची नासधूस कोण करते, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. तथापि एखाद्या प्रदेशात कोणत्या जाती टिकतील, हे अन्नाइतकेच दिवसा विसावण्याच्या जागेवरही अवलंबून असते. अरबी समुद्र व सह्याद्री यांमधील कोकणची उष्ण, दमट पट्टी या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे.

सर्वांच्या परिचयाचे आश्रयस्थान म्हणजे गावाजवळचा जुना वड, पिंपळ वा चिंच. मोठे फळभक्षी वटवाघूळ (टेरोपस मेडियस) उघड्या फांद्यांवर शेकडोंच्या संख्येने लटकते. त्याच्या पंखांचा विस्तार एक मीटरहून अधिक असतो. भर उन्हात पंखांनी वारा घेत व अंग चाटत ते शरीर थंड राखते; त्यामुळे जवळपास पाणी असलेली जागा त्याला मानवते. अशा वसाहती एकाच झाडावर वर्षानुवर्षे टिकून असतात. मादीला वर्षाकाठी सामान्यतः एकच पिल्लू होते. म्हणून रस्तारुंदीकरणात असे झाड गेल्यास झालेली हानी लवकर भरून येत नाही. कडू तेलासाठी कोकणात ओळखल्या जाणाऱ्या उंडीच्या बियांचा प्रसार ही फळभक्षी वटवाघळेच करतात, ही बाब बागायतदारांच्या तक्रारीत सहसा येत नाही.

आखूड नाकाचे लहान फळभक्षी वटवाघूळ (सायनोप्टेरस स्फिंक्स) मात्र आपले घर स्वतः घडविते. भेरली माडाच्या लोंबत्या घोसातील मधल्या लड्या नर कुरतडून टाकतो आणि घंटेसारखी पोकळी तयार करतो. त्या पोकळीत तो अनेक माद्यांसह राहतो. एच. आर. भट व टी. एच. कुन्झ यांनी या वर्तनाचे वर्णन १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. सस्तन प्राण्यांत अशी बांधकामाची वृत्ती विरळाच.

फळभक्षी असूनही अंधारात राहणारी जात म्हणजे रूसेटस लेशेनॉल्टी. जिभेच्या टकटक आवाजाच्या प्रतिध्वनीवरून दिशा ओळखता येत असल्याने ती गुहांत व भुयारांत वस्ती करू शकते. जुन्या देवळांचे अंधारे मंडप, किल्ल्यांची कोठारे, ओसाड विहिरी येथे मोठ्या कानांचे, बेडूक व उंदीर खाणारे लायरोडर्मा लायरा आढळते. नालनासिक वटवाघळांना दमट, स्थिर हवेच्या गुहा लागतात, कारण पंखांच्या पातळ पडद्यातून शरीरातील पाणी सतत उडून जाते. याउलट रायनोपोमा ही लांब शेपटीची वटवाघळे कोरड्या प्रदेशाची रहिवासी होत. शरीरात साठविलेल्या चरबीवर ती टंचाईचे महिने काढतात. जामखेडसारख्या अवर्षणप्रवण पठारावरील वाचकाला हा भेद सहज पटेल. कौलांखालच्या फटीत राहणाऱ्या चिमुकल्या कीटकभक्षी वटवाघळांची जागा मात्र सिमेंटचे छत येताच संपते.

एका गुहेवर जातीचे भवितव्य कसे अवलंबून राहते, याचे उदाहरण बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आहे. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राणी सर्वेक्षणात एस. एच. प्रेटर यांना १९१२ मध्ये बारापेडे गुहेत एक वटवाघूळ मिळाले. ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचे वर्णन केले व आर. सी. रॉटन यांच्या सन्मानार्थ त्याला ओटोमॉप्स रॉटोनी हे नाव मिळाले. पुढे कंबोडिया व मेघालय येथे नोंद होईपर्यंत कित्येक दशके जगात ही एकच वसाहत ज्ञात होती. २०११ मध्ये अधिसूचित झालेल्या भीमगड अभयारण्यामुळे तिला संरक्षण लाभले.

इतरांच्या वाट्याला असे संरक्षण आले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळभक्षी वटवाघळे पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत, मोडत होती. ही अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने रद्द झाली व ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तत्पूर्वी, मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या संसर्गाची चिन्हे आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले होते. विषाणूचा माग लागणे व रोगाची साथ येणे या भिन्न गोष्टी आहेत. शिवाय वस्ती उधळल्यास वटवाघळे नाहीशी होत नाहीत, ती विखुरतात. याच कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या व सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. वटवाघळांच्या आश्रयस्थानाचा नाही.