पनवेल : बंदर, चाक आणि मोहोरबंद पेटी

पनवेलचे अर्थकारण ज्या सक्तीवर उभे राहिले ती भूगोलाने घातलेली होती. मुंबईहून निघालेला मचवा किंवा पडाव भरतीच्या पाण्यावर खाडीतून गाढी नदीच्या तोंडापर्यंत येऊ शके, पण त्यापुढे त्याला पाणी नसे. देशावरून, म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावरून बोरघाट उतरून आलेली गाडी बंदरापर्यंत येई, त्यापुढे तिला रस्ता नसे. या वाटेने जाणाऱ्या मालाला त्यामुळे पनवेलात एकदा जमिनीवर उतरावेच लागे, आणि उतरलेला माल मोजला जाई, राखला जाई, प्रसंगी तेथेच विकला जाई आणि पुन्हा लादला जाई. हमाल, तोलार, अडते, गाडीवान, खलाशी, सुतार आणि लोहार या साऱ्यांचे पोट त्या चढ-उतारीवर चाले.

वाटेचा लेखी इतिहास थोडक्यात सांगता येतो. मारिया ग्रॅहम ही प्रवासलेखिका १८०९ मध्ये आणि बिशप हेबर १८२५ मध्ये याच बंदरावरून पुण्याकडे गेले. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला आणि तोवर मुख्यतः बैलांच्या पाठीवरून चालणारी घाटातली वाहतूक चाकांवर आली. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली, पुढच्याच वर्षी मुंबई–ठाणे रेल्वे सुरू झाली, आणि १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण होताच पुण्याच्या प्रवाशाला पनवेलची गरज उरली नाही. गाव येथेच ओस पडायचे. ते पडले नाही, याचे श्रेय भात आणि मिठाच्या व्यापाराइतकेच बैलगाडीच्या चाकाला द्यावे लागते.

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनी पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून चाकांचीच नोंद केली आहे. माल उतरवून परतणारा देशावरचा गाडीवान चाकांची जोडी विकत घेऊन जाई. बंदराची बाजारपेठ अशा रीतीने घाटमाथ्यापलीकडे पोचली होती. या चाकाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. मधोमध तुंबा, म्हणजे ज्यातून आस जातो तो जाड लाकडी गोळा. तुंब्यात ठोकून बसवलेले आरे. आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर पुठ्ठे, म्हणजे परिघाचे वक्र तुकडे. आणि त्या सर्वांवर धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचे कडे. या जोडणीची सारी भिस्त धावेवर असते. तिचा घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित कमी ठेवतात, शेण्या आणि लाकडे गोलाकार रचून त्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवतात, फुगलेले कडे सांडशींनी उचलून चाकावर उतरवतात, घणाचे घाव घालून खाली बसवतात आणि लाकूड पेट घेण्याआधी भराभर पाणी ओततात. आकसणारे लोखंड पुठ्ठ्यांना आत रेटते, पुठ्ठे आऱ्यांना आणि आरे तुंब्याला, आणि सैलसर जुळवलेले सांधे काही क्षणांत गच्च होतात. घेर फारच कमी ठेवला तर आरे वाकतात, कमी ठेवलाच नाही तर घाटातल्या पहिल्या उतारावर चाक खिळखिळे होते. नेमके किती, हे सुताराची नजर आणि लोहाराचा हात मिळूनच ठरे. पनवेलच्या कारागिराला हवेचीही चिंता वाहावी लागे, कारण खाडीच्या दमट हवेत तयार झालेले चाक देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात फिरणार असे, तेथे लाकूड आकसून धाव ढिली होई, आणि गाडीवान ती पुन्हा घट्ट व्हावी म्हणून चाके पाण्यात भिजत ठेवीत. पुरेसे मुरलेले लाकूड निवडण्याची पारख म्हणूनच विक्रीइतकी मोलाची होती. वाटेने पनवेलला गिऱ्हाईक मिळवून दिले, चाकाने हुन्नर दिला, आणि वाट दुसरीकडे वळल्यावरही हुन्नर गावात राहिला. १८७२ मध्ये येथेच सुरू झालेला धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखानाही याच जातीचा, गावाच्या स्वतःच्या ज्ञानावर उभा राहिलेला व्यवसाय होय.

विसाव्या शतकात मोटारलॉरीने गाडीचे काम घेतले, रबरी टायराने धावेचे, आणि गाळ साचलेल्या खाडीतून गलबते येण्याचे हळूहळू थांबले. दिवा–पनवेल लोहमार्ग १९६४ मध्ये आला. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ, स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी पनवेलचे माजी आमदार दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व त्या रक्तातून आले, हे पनवेलच्या अर्थकारणाच्या कोणत्याही वृत्तान्तात नोंदलेच पाहिजे.

न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यावर पनवेल पुन्हा बंदराच्या वाटेवर आले. मात्र ही वाट वेगळ्या तत्त्वाने चालते. कंटेनर ही पोलादी पेटी एकदा मोहोरबंद झाली की जहाजावरून ट्रेलरवर आणि ट्रेलरवरून रेल्वेच्या वाघिणीवर न उघडता जाते. आतला माल मधल्या कोणाच्याही हाताला लागत नाही. ज्या सक्तीने पनवेलला पोसले तीच या पेटीने मोडीत काढली. काही काळ कंटेनर फ्रेट स्टेशनांनी ती उणीव भरून काढली. तेथे सीमाशुल्क तपासणीसाठी पेट्या उघडल्या जात, भरल्या जात, आणि गोदामे, ट्रेलर, पहारा, वाहनदुरुस्ती असा रोजगार पनवेल–उरण पट्ट्यात पसरला. परंतु आयातदाराला बंदरातूनच थेट पेटी नेऊ देणाऱ्या योजनेचा २०१६ पासून जोराने विस्तार झाला आणि या स्थानकांचे काम घटू लागले. त्यातच ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी झाली. ते पूर्ण क्षमतेने चालू लागल्यावर न्हावा-शेव्याचा किती माल उत्तरेकडे वळेल, यावर ट्रेलरचे हप्ते फेडणाऱ्या हजारो कुटुंबांचे भवितव्य अवलंबून आहे.

याहून मोठी काळजी जमिनीची आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी १,१६० हेक्टर क्षेत्र घेताना उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचे पात्र वळवले गेले आणि दहा गावे हलवली गेली. भरतीचे पाणी पसरण्यासाठी असलेल्या खाजणांवर, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीच्या जमिनीवर, भराव पडला. खारबांध आणि त्यांतील उघाड्या, म्हणजे ओहोटीला आतले पाणी सोडणारी दारे, पूर्वी गावकरी एकत्र येऊन राखीत. शेतीच उरली नाही तेथे ती राखणारे हातही उरले नाहीत. २६ जुलै २००५ च्या पुरात पनवेलला पाण्याचा मोठा तडाखा बसला, आणि तो या भरावाच्या आधीचा होता. अतिवृष्टी व उधाणाची भरती एकाच वेळी आली तर गाढीचे पाणी कोठून जाईल, याचा हिशेब नव्या इमारतींना परवानगी देण्याआधी व्हायला हवा.

२५ डिसेंबर २०२५ पासून विमानतळावरून प्रवासी उड्डाणे होऊ लागली आहेत, आणि पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी व पाच लाख टन मालाची क्षमता ठेवलेली आहे. ज्यांच्या शेतांवर ही धावपट्टी उभी राहिली त्यांच्या मुलांना तेथे पहारा आणि सफाई यांपलीकडचे काम मिळायचे असेल, तर शीतगृहे, मालतपासणी आणि विमानदुरुस्ती यांचे शिक्षण पनवेल तालुक्यातच, आणि मालवाहतूक पूर्ण भरात येण्याआधी, सुरू होणे आवश्यक आहे; भूखंडाची किंमत एकदाच मिळते आणि ती बहुतेक घरांत खर्चही झालेली आहे.