‘आठवीपर्यंत नापास करतच नाहीत’ हे कुणी सांगितलं?

जून उजाडतो, नव्या वह्यांना कव्हरं चढतात आणि तेच वाक्य पुन्हा कानावर येतं : ‘आठवीपर्यंत कुणालाच नापास करत नाहीत. नववीत बघू!’ शाळेच्या फाटकापाशी, पालकसभेत, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. शिकलेसवरलेले पालकही ते छातीठोकपणे सांगतात आणि सहावी-सातवीतली मुलं शेजारी उभी राहून ऐकत असतात. या वाक्याचा अर्धा भाग आता जुना झाला आहे. उरलेला अर्धा तर कधीच खरा नव्हता.

आधी मूळ कायदा पाहू. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा (आरटीई) २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला त्याच वर्गात ठेवायचं नाही आणि शाळेतून काढायचंही नाही, असं त्याचं कलम १६ सांगत होतं. लोकांनी एवढंच लक्षात ठेवलं. मुलांचं मूल्यमापन सर्वंकष आणि सातत्यपूर्ण असलं पाहिजे, हे त्याच कायद्याचं कलम २९ सांगतं. ते मात्र कुणी वाचलंच नाही. मग ‘नापास नाही’चं ‘परीक्षा नाही’ झालं आणि ‘परीक्षा नाही’चं ‘अभ्यास नाही’. कायद्यात यातलं काहीही नाही.

उलट, त्या कायद्यामुळे मुलांकडे जास्त वेळा बघणं भाग पडलं. महाराष्ट्राने २०१० मध्येच सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आणली. सातवी-आठवीसाठी आकारिक ४० टक्के, संकलित ६० टक्के, पाचवी-सहावीसाठी निम्मं-निम्मं. तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असं वर्षभराचं सगळं आकारिकमध्ये येतं, सत्राच्या शेवटचं मूल्यमापन संकलितमध्ये. श्रेणी अ-१ पासून थेट ई-२ पर्यंत. आणि प्रगतिपुस्तकात श्रेणीच्या जोडीला वर्णनात्मक नोंदींचा रकाना असतो. ‘अपूर्णांकांच्या बेरजेत मदत लागते’ अशी एखादी नोंद तिथे असते. मूल कुठे अडलंय याचा नेमका पत्ता त्या एका ओळीत असतो. पण बहुतेक घरांत श्रेणी पाहिली जाते, सही होते आणि पुस्तक दप्तरात परत जातं.

आता जुन्या झालेल्या अर्ध्या भागाकडे वळू. २०१९ मध्ये संसदेने कलम १६ बदललं. पाचवी आणि आठवीच्या शेवटी नियमित परीक्षा घ्यायची. त्यात जो उत्तीर्ण होणार नाही त्याला जादा मार्गदर्शन द्यायचं. निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. तीही जमली नाही, तर त्याच वर्गात ठेवायचं की नाही हे सरकारने ठरवायचं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून त्याच वर्गात ठेवण्याचा निर्णय घेतला आणि २०२३-२४ च्या शैक्षणिक वर्षापासून तो अमलात आणला. विषयवार किमान ३५ टक्के गुण लागतात : पाचवीला ५० पैकी १८, आठवीला ६० पैकी २१. केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं यांसारख्या केंद्र सरकारच्या शाळांसाठीही डिसेंबर २०२४ मध्ये असाच नियम निघाला.

म्हणजे सहावी-सातवीत वर्ग अडत नाही, पाचवी आणि आठवीत अडू शकतो. इतकं सरळ आहे हे. तरीही यंदा आठवीत बसलेल्या मुलाला घरातलीच माणसं ‘तुझं काय, ढकलपास आहे’ असं सांगणार असतील, तर ती त्याला फसवत आहेत. हेतू चांगला असला तरी फसवतच आहेत.

याच्या बरोबर उलटा गैरसमजही तितकाच घातक आहे : ‘नापासाची भीती आली, आता मुलं शिकतील.’ भीतीने भागाकार येत नाही. ‘प्रथम’ या संस्थेच्या २०२२ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतात आठवीतल्या सुमारे ७० टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं सुमारे ४५ टक्क्यांना जमत होतं. ही मुलं आठवीच्या एप्रिलमध्ये मागे पडलेली नाहीत. ती तिसरी-चौथीत अडली आणि कुणी थांबून पाहिलं नाही. म्हणूनच नव्या कायद्यातही परीक्षेइतकंच जादा मार्गदर्शनाला स्थान आहे. शाळांनी तेवढाच भाग गाळून फक्त निकाल लावला, तर तो नियमाचा भंग आहे.

जूनमधले बाकीचे गैरसमज झटपट उरकू. ‘नापास झाला तर शाळा काढून टाकेल’ : नाही, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत काढता येत नाही, दुरुस्तीनंतरही हे कायम आहे. ‘जुन्या शाळेचा दाखला आल्याशिवाय प्रवेश नाही’ : कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतचा प्रवेश रोखता किंवा लांबवता येत नाही. ऊसतोडीहून किंवा वीटभट्टीवरून परतलेल्या कुटुंबांना हे कुणीतरी आवर्जून सांगायला हवं. ‘आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश झाला, आता दहावीपर्यंत फी नाही’ : ही सवलत आठवीपर्यंतच, नववीच्या खर्चाची तजवीज आधीच करावी. ‘वर्गशिक्षकांचीच शिकवणी लावली की बरं पडतं’ : शिक्षकांनी खासगी शिकवणी घेण्यास कलम २८ मनाई करतं. ‘शिष्यवृत्ती परीक्षा राहिली की वर्ग राहतो’ : ती परीक्षा ऐच्छिक आहे, वर्गोन्नतीशी तिचा संबंध नाही. ‘थोडा मार दिल्याशिवाय वळण लागत नाही’ : शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ कलम १७ नुसार निषिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे.

या महिन्यातल्या पहिल्या पालकसभेत ‘पास होईल ना?’ असं विचारू नका. गेल्या वर्षीचं प्रगतिपुस्तक सोबत न्या, वर्णनात्मक नोंदीवर बोट ठेवा आणि वर्गशिक्षकांना विचारा की इथे अडलेलं दिवाळीपर्यंत कसं सोडवायचं, घरी काय करायचं आणि शाळा काय करणार आहे. मूल आठवीत असेल, तर जादा मार्गदर्शन कधी आणि कुणाकडून मिळेल, हेही त्याच दिवशी विचारून घ्या.