बुद्धिबळाचं कोडं रचतं कोण? माणूस की प्रोग्रॅम?

परवा फर्दापूरच्या टी पॉइंटवर लेणीच्या बसची वाट बघताना मोबाइलवर बुद्धिबळाची पंधरा-वीस कोडी सोडवली. बस आली तेव्हा त्यातलं एकही आठवेना! म्हटलं, ही कोडी रचतं तरी कोण?

लिचेसवरची कोडी रचलेली नसतात, सापडलेली असतात. लोकांनी खेळलेले डाव प्रोग्रॅम तपासतो. कुणी चूक केली आणि समोरच्याकडे एकच जोरदार चाल होती, की ती स्थिती कोडं म्हणून उचलतो.

कोडी रचणारे प्रोग्रॅम वेगळे. मलेशियातले संशोधक अझलान इक्बाल यांचा 'चेस्थेटिका' हा त्यातला एक. अशा प्रोग्रॅमचं काम ढोबळमानाने असं चालतं: मोहरी मांडायची, कोडं सोडवून बघायचं, नापास झालं की टाकून द्यायचं, पुन्हा मांडायचं.

पास-नापास कसं ठरतं? पट घ्या. काळा राजा ए८ वर, पांढरा राजा बी६ वर, पांढरा हत्ती एच७ वर. पांढऱ्याने एका चालीत मात करायची. उत्तर एकच, हत्ती एच८. आता हत्तीच्या जागी वजीर ठेवा. एच८, जी८, बी७, ए७, कुठेही नेला तरी मात! चार उत्तरं, म्हणजे कोडं बाद. चेस्थेटिका त्यापुढे जाऊन मोहऱ्याचा बळी वगैरे गोष्टींना गुण देऊन सौंदर्यही मोजायला बघतो.

पण आता गंमत ऐका. १८४५ साली इंग्लंडच्या एका बुद्धिबळ मासिकात भारतातून आलेलं कोडं छापलं गेलं. टोपणनाव 'शागीर्द', खरं नाव हेन्री लव्हडे, इथे राहणारा पाद्री. चार चालींत मात. यात पांढरा आपला उंट पार मागे नेतो आणि मग स्वतःचाच हत्ती त्याच्यापुढे आडवा घालतो! का? तसं केलं नाही तर काळ्याला चालच उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. वाट मोकळी झाल्यावर काळा राजा पुढे येतो, हत्ती बाजूला सरकतो, आणि हत्ती-उंट दोघांचा एकदम शह. मात!

या कोड्यात दोष आहे. चालींचा क्रम बदलला तरी मात होते. 'उत्तर एकच' ही चाळणी लावली तर प्रोग्रॅम ते क्षणात फेकून देईल. तरी त्यातली कल्पना 'इंडियन थीम' म्हणून जगभर गाजली, आणि पुढच्या रचनाकारांनी ती घेऊन निर्दोष कोडी रचली. चूक पकडण्यात प्रोग्रॅमचा हात कुणी धरणार नाही. पण या सदोष कोड्यात जपण्यासारखं काही आहे, हे माणसांनी ओळखलं.

म्हणून आजचा गृहपाठ सोडवायचा नाही, रचायचा. वरच्या वजिराच्या कोड्यात फक्त दोन मोहरी वाढवा आणि चारातली तीन उत्तरं बंद करा. जमतं, मी करून बघितलंय. हे कोडं मात्र बस आली तरी विसरणार नाही!