नदीवरील रात्र आणि तळमजल्याची झोप

ऱ्हाईन आणि डॅन्यूब या नद्यांवरील जलपर्यटनाचे मुख्य आकर्षण असे, की रात्री एका नगरात निजावे आणि सकाळी दुसऱ्या नगराच्या घाटावर जागे व्हावे. सामानाची बांधाबांध नाही, स्थानकांवरील धावपळ नाही. मुंबई-पुण्याकडील कुटुंबेही अलीकडे या सफरींना जाऊ लागली आहेत. परंतु दिवस नगरदर्शनासाठी राखून ठेवला, की जहाजाला चालायला रात्रच उरते. प्रवासी झोपतात तेव्हा यंत्रे कामाला लागतात.

समुद्रावरील जहाज उंच इमारतीसारखे असते, तर नदीवरील जहाज एखाद्या लांबलचक चाळीसारखे. ऱ्हाईनवरील मोठी पर्यटक-जहाजे 135 मीटरपर्यंत लांब असतात. रुंदी मात्र सुमारे 11.4 मीटर, आणि पुलांखालून जायचे असल्याने केबिनचे मजले बहुधा तीनच. रुंदीचे हे बंधन घातले आहे लॉकने. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला, पाण्याची पातळी चढवून-उतरवून जहाज पुढे सोडणारा हौद. माईन नदीवर असे 34 लॉक आहेत. 1992 साली पूर्ण झालेल्या 171 किलोमीटरच्या माईन-डॅन्यूब कालव्यावर आणखी 16. त्यांची रुंदी 12 मीटर. म्हणजे जहाजाच्या दोन्ही अंगांस जेमतेम एकेक फूट जागा!

त्या फटीत जहाज नेमके बसविण्यासाठी पुढच्या टोकाशी पाण्याखाली असलेला आडवा पंखा फिरवावा लागतो. त्याची घरघर लोखंडातून सरळ उशाशी येते. मग भिंतीला घासण्याचा आवाज, दोरखंडांची ओढाताण, आणि दरवाजे उघडले की पुन्हा मुख्य यंत्रांचा जोर. एका रात्रीत हे अनेकदा घडते. घाटावर जागा अपुरी असली, की दोन-तीन जहाजे एकमेकांना खेटून बांधतात. तेव्हा शेजारच्या जहाजाचे जनरेटरही ऐकावे लागतात.

शांततेचा भाव केबिनच्या भावात धरलेला असतो. वरच्या मजल्यावरील, मध्यभागातील केबिन महाग. सर्वांत खालच्या मजल्यावरील, पाण्याच्या जरा वर लहानशी, न उघडणारी खिडकी असलेली केबिन स्वस्त. जी जागा कोणत्याच भावाने विकणे कठीण, यंत्रांजवळची, पाण्याच्या रेषेशी किंवा तिच्याही खालची, ती सहसा कर्मचाऱ्यांच्या वाट्याला येते. तेथे बहुधा दोघे मिळून एका केबिनमध्ये राहतात. रुमानिया, बल्गेरिया, हंगेरी, फिलिपाईन्स अशा देशांतून आलेली ही माणसे महिनोन्महिने तेथेच निजतात. आपला मुक्काम आठवड्या-दोन आठवड्यांचा. रात्रपाळीचा खलाशी दिवसा झोपतो. डोक्यावर खुर्च्या सरकत असतात, बाहेर जनरेटर चालू असतो. न्याहारीची व्यवस्था पाहणारा पहाटे उठतो आणि रात्रीच्या भोजनानंतरची आवराआवरही पुष्कळदा त्याच्याच हातून होते.

कायदा नाही असे नाही. युरोपीय संघाच्या 2014 सालच्या निर्देशानुसार अंतर्देशीय जलमार्गांवरील कर्मचाऱ्याला चोवीस तासांत किमान 10 तास विश्रांती मिळाली पाहिजे, आणि त्यांतील किमान 6 तास सलग हवेत. एका दिवसात 14 तासांपर्यंत काम मात्र चालते. सागरी कामगारांसाठी 2006 साली झालेला आंतरराष्ट्रीय करार केवळ अंतर्देशीय जलमार्गांवर चालणाऱ्या जहाजांना लागूच होत नाही. आवाजाचे पाहावे, तर तेथील तांत्रिक नियम कर्मचाऱ्यांच्या शयनकक्षात 60 डेसिबलपर्यंत आवाज मान्य करतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 साली शयनगृहासाठी सुचविलेली सततच्या आवाजाची मर्यादा आहे 30 डेसिबल. हा फरक दुपटीचा नव्हे. या मोजपट्टीवर दर दहा डेसिबलांना ध्वनीची तीव्रता दहापट होते. तीस डेसिबलांचे अंतर म्हणजे हजारपट. सहा तासांची सलग विश्रांती कागदावर मिळते. ती झोप ठरेल की नाही, हे त्या भिंतीपलीकडील यंत्रावर अवलंबून.

उपाय ठाऊक नाहीत असेही म्हणता येत नाही. यंत्रांखाली कंप शोषणारे आधार बसविता येतात. जर्मनीत बांधलेल्या काही जहाजांत तर यंत्रांचा भाग प्रवाशांच्या भागापासून वेगळा ठेवून मग जोडला आहे. ज्या मजल्याचे पैसे मिळतात, त्याच्या शांततेवर पैसा खर्च होतो, इतकेच. दुकानाच्या माळ्यावर नोकर झोपवणाऱ्या जुन्या पेढ्यांना हा हिशेब अपरिचित नाही. पण उन्हाळ्यात माळ्यावर पंखा बसवणारे शेठजीही आपण पाहिलेले आहेत.

आपल्या भोजननियमांचा येथे एक थेट संबंध येतो. जूनच्या अखेरीस व्हिएन्नात सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. नेहमीचे सायंभोजनच सूर्यास्तापूर्वी आटोपते. डिसेंबरमधील नाताळ-बाजारांच्या सफरीत मात्र सूर्यास्त दुपारी चारच्या सुमारास होतो. त्या वेळी वेगळे, कंदमुळाविना ताजे जेवण मागितले, तर ते रांधणारा आचारी आपली दुपारची झोप मोडून उभा राहील. अशी गरज आरक्षणाच्या वेळीच कळविली, तर कामाच्या पाळ्या तशा लावता येतात. जहाजावर चढल्यावर सांगितली, तर ती एकाच माणसाच्या विश्रांतीतून वसूल होते. काही दिवस डबाबंद ठेपले, खाखरे आणि फळे यांवर भागवणेही कठीण नाही.

आरक्षण करताना केबिन यंत्रांपासून किती दूर, हे आपण विचारतोच. त्यासोबत कर्मचारी कोठे झोपतात आणि किती रात्री जहाज घाटालाच बांधलेले असते, हेही विचारावे. गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न कोणतीही कंपनी लिहून ठेवते. व्हिएन्ना किंवा बुडापेस्टला काही सफरी रात्रभर थांबतात. घाटावरून वीज घेण्याची सोय असेल, तर जनरेटरही बंद करता येतात. अशा रात्री वरच्या मजल्यावरील प्रवाशाला फारसा फरक जाणवत नाही. तळमजल्यावर मात्र, पाळी नसेल तो, सकाळपर्यंत सलग झोपतो.