परसांतला कोंबडा : शूर कीं दांडगा ?

कुक्कुटापासून चार गुण शिकावे, असें चाणक्याच्या नांवावर चालणाऱ्या नीतिसंग्रहांत सांगितलें आहे : वेळेवर उठणें, झुंजण्यास सिद्ध असणें, आप्तांस वांटून खाणें आणि स्वपराक्रमानें मिळवून उपभोगणें. गंमत अशी कीं, ज्या घरांत हें सुभाषित मुखोद्गत होतें, त्याच घरांत हा पक्षी दृष्टीसही पडत नसे; कारण मनुस्मृतीनें ग्रामकुक्कुट वर्ज्य ठरविलेला. गुण पाठ, स्वभाव अपरिचित ! आतां अंडीं आमच्या स्वयंपाकघरांत उघडपणें आलीं आहेत, आणि कोंकणांतलें जुनें घर दुरुस्त करून तेथें राहावयास गेलेलीं कांहीं कुटुंबें परसांत पांचदहा कोंबड्याही पाळूं लागलीं आहेत. माद्यांची तक्रार सहसा येत नाहीं. तक्रार येते ती नराची. तो लहान मुलांच्या अंगावर कां धांवून येतो ?

हें कोडें उलगडावयाचें तर त्याच्या कुळापासून आरंभ केला पाहिजे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियांतील तांबडा रानकोंबडा. निश्चितपणें पाळीव म्हणतां येतील अशीं सर्वांत जुनीं हाडें थायलंडांतील बान नॉन वट येथलीं असून, तीं इसवी सनापूर्वीं १६५० ते १२५० या काळांतील आहेत, असें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन सांगतें. आपल्या सह्याद्रींतला करडा रानकोंबडा ही निराळी जात. तथापि पुष्कळशा गांवठी कोंबड्यांच्या पायांचा पिवळेपणा या करड्या नातलगाकडून आला आहे, हें २००८ सालीं सिद्ध झालें. रानांत नर मोजक्या माद्यांसह आपली हद्द राखून असतो व परक्या नरास तींत येऊं देत नाहीं. साडेतीन हजार वर्षें माणसाच्या दारीं काढूनही ही राखणदारी त्याच्या अंगांतून गेलेली नाहीं. हद्द तेवढी बदलली. ती आतां विहिरीपासून गोठ्यापर्यंत झाली.

या छोट्या राज्यांत पायऱ्याही असतात. नॉर्वेचे थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या न्याहाळण्याचा छंद होता. कोणीं कोणास चोंच मारावी आणि कोणीं ती निमूटपणें सोसावी, याचा ठराविक क्रम असतो, हें त्यांनीं १९२२ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध केलें. आरवण्यासही हा क्रम लागू आहे. जपानांतील नागोया विद्यापीठाचे शिम्मुरा व योशिमुरा यांनीं २०१३ सालीं दाखविलें कीं, सतत मंद उजेडांत कोंडलेला कोंबडाही आपल्या अंगच्या घड्याळानें आरवतो. कोंबडें झांकलें म्हणून उजाडायचें राहत नाहीं ही म्हण खरी. पण झांकलेलें कोंबडें आरवायचेंही राहत नाहीं! पुढें २०१५ सालीं त्यांनाच असें आढळलें कीं, पहाटे प्रथम बांग देण्याचा मान वरिष्ठाचा; बाकीचे आपापल्या पायरीनें मागून आरवतात. वरिष्ठास हलविलें, तर दुसऱ्या क्रमांकाचा आरंभ करतो.

नीतिकारानें सांगितलेला तिसरा गुण, वांटून खाण्याचा, डोळ्यांनीं पाहण्यासारखा आहे. चांगल्या कोंबड्यास किडा सांपडला, तर तो एकदम गिळीत नाहीं. किडा उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो, आणि घशांतून बारीक टुकटुक आवाज काढून माद्यांस बोलावतो. त्या येऊन खातात आणि हा बाजूस उभा राहतो. यांत प्रियाराधनाचा हिशेब आहे हें उघड आहे, परंतु माद्यांच्या पोटांत घांस जातो हेंही तितकेंच खरें. ऑस्ट्रेलियांतील मॅक्वारी विद्यापीठाच्या संशोधकांनीं एक लबाडीही टिपली आहे : कनिष्ठ नर वरिष्ठाच्या देखत हेंच नृत्य आवाज न करतां करतो, म्हणजे मार चुकतो.

आणि घार आली कीं ? आकाशांतल्या शत्रूस एक हांक, जमिनीवरच्या शत्रूस दुसरी. पहिली ऐकतांच माद्या झुडपांत दडून बसतात. दुसरी ऐकून माना उंच करून भोंवतीं पाहतात. एकटा असलेला नर घार पाहूनही बहुधा गप्प राहतो. हांक देतो ती जवळ कोणी ऐकणारें असल्यास.

आतां रागाकडे वळूं. रत्नागिरी जिल्ह्यांतील एका परिचित घरीं नातीनें एक नर पिल्लूं अंड्यांतून निघाल्यापासून तळहातावर वाढविलें. सहाव्या महिन्यांत तोच कोंबडा तिच्या अंगावर उडाला. पायाच्या मागील शिंगट कांटा भुंवईवर लागला. डोळा थोडक्यांत वांचला. "एवढी माया केली, आणि मेला उलटला !" असें आजीबाई म्हणाल्या. परंतु तो कृतघ्न झाला नव्हता. एकट्यानें हातावर वाढलेल्या नरास माणसाचें भय उरत नाहीं. मुलगी त्याला आपल्याच कळपांतली वाटते, आणि वयांत येतांच तिच्याशीं पायरी ठरविणें त्याला क्रमप्राप्त होतें. मुलें किंचाळून पळतात, त्याला जय मिळाल्यासारखें होतें. मोठीं माणसें लाथ मारतात, त्याला आव्हान स्वीकारलें गेल्यासारखें वाटतें. दोन्ही उपायांनीं रोग वाढतो.

म्हणून नर पिलें पिलांतच वाढूं द्यावीं. एक पंख खालीं सोडून तो तिरपा चालत आला, मानेचीं पिसें फुलवलीं, कीं जागच्या जागीं शांत उभें राहावें. मुलांस मात्र अशा कोंबड्यासमोर एकटें सोडूं नये. येथें धीराचे प्रयोग करण्याचें कारण नाहीं.

सर्व दोष संगोपनाचा आहे असेंही नाहीं. अमेरिकेंतील कान्सास येथें क्रेग, गुल प्रभृतींनीं वरचढ व दबून राहणाऱ्या पक्ष्यांचीं वेगवेगळीं वाणें निवडून वाढविलीं. थोड्याच पिढ्यांत दोहोंमध्यें स्पष्ट फरक पडला, हें त्यांनीं १९६५ सालीं नमूद केलें. परंतु शौर्य आणि दांडगाई हे एकाच माळेचे मणी नव्हेत. कॅनडांतील ग्वेल्फ विद्यापीठांत २००० सालीं मांसासाठीं पैदा केलेले वजनदार नर व झुंजीच्या जातीचे नर यांची तुलना झाली. माद्यांस जखमी करणारे निघाले ते मांसाच्या वाणाचे. झुंजार नर माद्यांशीं सौम्यपणें वागत. आमच्याकडील असील जातीचा कोंबडा दुसऱ्या नरावर तुटून पडतो, पण पाळणाऱ्याच्या काखेंत मांजरासारखा बसतो, ही गोष्ट त्याच्या शौकिनांना जुनीच आहे. (झुंजी लावणें मात्र १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे.)

नुसतीं अंडीं हवीं असतील, तर कोंबड्याची गरजच नाहीं. माद्या त्याच्यावांचूनही अंडीं घालतात. पिलें हवीं असल्यास आठदहा माद्यांस एक नर पुरे. तो निवडतांना तुऱ्याचा डौल पाहूं नये. सायंकाळीं मूठभर दाणे टाकावे आणि दूर उभें राहून पाहावें. जो माद्यांस ढकलून स्वतः टिपूं लागतो, तो कितीही देखणा असला तरी नको. जो बोलावून मागें सरतो तो ठेवावा. राहिलेल्या नरांचें काय करावयाचें, हें खुडूक कोंबडीखालीं अंडीं ठेवण्यापूर्वींच घरांत बोलून ठरवावें, कारण सुमारें निम्मीं पिलें नर निघतात, आणि "कोणाला तरी देऊन टाकूं" याचा अर्थ काय होतो तें घरांतल्या मोठ्यांस ठाऊक असतें, मुलांस नसतें.