राहत्या घराची सजावट आणि राहणाऱ्याचे स्वास्थ्य

पावसाळा सरल्यावर आणि दिवाळीच्या आधी घराला चुना काढण्याची जी रीत महाराष्ट्रातल्या गावांत आणि शहरांतल्या जुन्या वस्त्यांत दीर्घकाळ चालत आली, तिच्याकडे सणाची हौस म्हणून पाहिले जाते. परंतु चार महिन्यांच्या पावसाने ओल धरलेल्या भिंतींच्या दृष्टीने ती हौस कमी आणि निगा अधिक होती. चुनकळी पाण्यात विरवून, गाळून, तीत डिंक आणि पांढरेपणासाठी थोडी नीळ घालून जे पातळ द्रावण भिंतीवर फासले जाई, त्याचा सामू, म्हणजे आम्लता वा अल्कता दाखवणारा अंक, १२च्या वर असतो आणि एवढ्या तीव्र अल्कतेत बुरशीला तसेच बहुतेक जंतूंना तग धरता येत नाही. पुढे हवेतील कर्बवायू शोषून हा थर हळूहळू चुनखडीसारखा घट्ट होतो, तरी त्याची सच्छिद्रता टिकते, त्यामुळे भिंतीत मुरलेले पाणी वाफ होऊन बाहेर पडण्यास वाट राहते. प्लास्टिक इमल्शन नावाने मिळणारे आधुनिक रंग धुता येतात आणि अधिक काळ तजेलदार दिसतात हे खरे. पण ओल मुळात न काढता तिच्यावर असा रंग चढवला की पापुद्रा फुगतो, पोपडे धरतात आणि त्यांच्याआड बुरशी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका काढून दमा व श्वसनाच्या तक्रारींशी असलेला त्यांचा संबंध नोंदवला आहे. तेव्हा रंगाची छटा निवडण्याआधी गच्चीची गळती आणि न्हाणीघराच्या भिंतीतला पाझर पाहणे, हेच सजावटीचे पहिले काम ठरते.

जुन्या रंगाविषयी आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले आणि ते २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्यापूर्वी दारे, खिडक्यांचे गज आणि लोखंडी कठडे यांना लावलेल्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी आणि लाल छटांमध्ये, शिसे पुष्कळ असू शके. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असल्याने दिवाळीपूर्वी असा रंग कोरडाच पॉलिश पेपरने घासून त्याची धूळ घरभर उडवणे हे घर उजळण्याच्या नावाखाली घरातल्या सर्वांत लहान माणसाला इजा करणे होय. पृष्ठभाग ओला करून खरवडणे, मुलांना तेवढा वेळ दुसरीकडे ठेवणे आणि नंतर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घेणे, एवढे तरी पाळता येते.

घर आणि आरोग्य यांचा संबंध या प्रदेशात सर्वांत कठोरपणे समोर आला तो प्लेगच्या साथीत. १८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईतील मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉक्टर अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी ही साथ ओळखली आणि त्यानंतर सरकारी पथकांनी घरे धुऊन काढणे, त्यांना चुना फासणे, कौले काढून खोल्यांत ऊन येऊ देणे असे उपाय सक्तीने केले. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे ज्ञान सर्वमान्य होण्याआधीचे हे उपाय असल्याने त्यांतले अनेक नेम चुकलेले होते, आणि त्यांतील जुलमाची कहाणी पुण्याच्या इतिहासात सर्वज्ञात आहे. तरीही या धक्क्यातून १८९८ साली मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था उभी राहिली आणि तिच्या विचारातून पुढे ६३.५ अंशांचा नियम म्हणून ओळखला जाणारा दंडक रुजला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून खोलीच्या खिडकीच्या तळाशी येणारी रेषा जमिनीशी ६३.५ अंशांहून अधिक चढी नसावी, असा त्याचा आशय होता. व्यवहारात याचा अर्थ असा की समोरची इमारत १२ मीटर उंच असेल तर मध्ये निदान ६ मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे तळमजल्यावरच्या माणसालाही खिडकीतून आभाळाचा तुकडा दिसेल. दादर-माटुंग्याच्या वसाहतींत आजही जो मोकळेपणा जाणवतो, तो याच काळातील नियोजनाचा वारसा आहे.

शंभर वर्षांनंतर त्याच शहरातील पुनर्वसनाच्या काही वसाहतींत हा दंडक विस्मृतीत गेला. मानखुर्द-गोवंडीच्या परिसरातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड येथील इमारतींमध्ये अवघे ३ मीटरच्या आसपास अंतर ठेवले गेले आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील ऊन-वाऱ्याच्या अभावाशी क्षयरोगाचा संबंध दाखवण्यात आला. अशा घरात राहणाऱ्याला भिंतीवर कोणते चित्र लावावे हे सांगणे क्रूरपणाचे ठरेल. सजावटीच्या मासिकांत जी घरे छापली जातात त्यांना खिडकी असते, हे गृहीतच धरलेले असते.

ज्यांना खिडकी लाभली आहे ते तिचे काय करतात, हा वेगळा विषय आहे. जुन्या वाड्यातील चौक, कोकणी घराची पडवी, चाळीची सलग गॅलरी या तिन्ही जागा घराच्या आत आणि बाहेर यांमधल्या होत्या. धान्य निवडणे, वाळवणे घालणे, संध्याकाळी टेकून बसणे ही कामे तेथे होत, त्यामुळे दिवसातला काही वेळ अंगावर उजेड घेण्यासाठी कुणाला मुद्दाम ठरवावे लागत नसे. सदनिकेत बाल्कनी आली आणि लवकरच सरकत्या काचा लावून ती खोलीत घेण्यात आली. उरलेल्या खिडकीसमोर भिंतभर कपाट किंवा पलंगाची पाठ आली, तिच्यावर दुहेरी पडदे चढले आणि मग भर दुपारी दिवे लावून छतात प्लास्टर ऑफ पॅरिसची नक्षी उजळण्याची पाळी आली.

रात्रीच्या दिव्यांची गोष्ट याहून कमी लक्षात घेतली जाते. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज प्रकाशाची नोंद घेऊन शरीराचे घड्याळ लावणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. २००२ साली त्यांचे अस्तित्व सिद्ध झाले आणि निळसर प्रकाशाला त्या विशेष प्रतिसाद देतात असे आढळले. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक अंधार पडल्यावर स्रवू लागते. परंतु निजण्यापूर्वीचे तास घरातल्या नेहमीच्या प्रकाशात घालवले तर मंद प्रकाशाच्या तुलनेत त्याचा स्रवणकाळ सुमारे ९० मिनिटांनी घटतो, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले. मराठी मध्यमवर्गीय घरात पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटला स्वच्छतेची आणि पिवळ्या बल्बला काटकसरीची खूण मानण्याची सवय आहे, तिच्यामुळे बैठकीच्या खोलीत रात्री अकरापर्यंत दुपार टिकते. रंग-तापमान, म्हणजे प्रकाशाचा पिवळेपणा वा निळेपणा सांगणारे माप, दिव्याच्या खोक्यावर छापलेले असते. ६५०० केल्विनचा दिवा स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलापाशी शोभतो, तर निजायच्या खोलीत २७०० केल्विनचा, तोही डोळ्यांच्या रेषेखाली ठेवलेला, पुरतो. फार थोड्या खर्चात होणारा हा बदल असल्यामुळेच बहुधा त्याची जाहिरात कुणी करत नाही.

याउलट ज्यांची जाहिरात होते त्यांचा पाया कच्चा असतो. गुलाबी रंगाची एक विशिष्ट छटा माणसाला शांत करते अशा समजाने १९७९च्या सुमारास अमेरिकेतील काही कोठड्या रंगवल्या गेल्या, पण नंतरच्या काटेकोर चाचण्यांत तसा परिणाम आढळला नाही. कुंडीतली झाडे घरातली हवा शुद्ध करतात हा समज १९८९ सालच्या नासाच्या बंद पेटीतील प्रयोगांवर उभा आहे; खिडकी उघडल्याने हवेत जो फरक पडतो तो झाडांनी साधायचा तर प्रत्येक चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील, असा हिशोब २०१९ साली मांडला गेला. झाडे जरूर ठेवावीत, मात्र फोडणीचा ठसका आणि उदबत्तीचा धूर यांसाठी एक्झॉस्ट फॅनच लावावा. झाड दिसण्याचा लाभ वेगळा आहे: रॉजर उलरिच यांनी १९७२ ते १९८१ या काळातील पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून १९८४ साली दाखवले की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत ते २३ रुग्ण, केवळ विटांची भिंत पाहणाऱ्या २३ रुग्णांच्या तुलनेत, सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली.

या सर्वांहून महत्त्वाचा, तरीही अंतर्गत सजावटीच्या व्यवसायाला अडचणीचा वाटावा असा पुरावा १९७६ सालचा आहे. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी कनेक्टिकटमधील एका वृद्धनिवासात दोन मजल्यांवरील रहिवाशांची तुलना केली. एका मजल्यावर त्यांना सांगण्यात आले की खोलीतले सामान कसे मांडायचे हे तुम्हीच ठरवा, आणि प्रत्येकाला रोप निवडून त्याची निगा राखायला दिले. दुसऱ्या मजल्यावर रोप मिळाले, पण त्याला पाणी सेविका घालत आणि खोली प्रसन्न ठेवणे ही आमची जबाबदारी असे सांगण्यात आले. तीन आठवड्यांत पहिला गट अधिक हुशार आणि हालता दिसू लागला, तर १८ महिन्यांनंतर पहिल्या गटातील मृत्यूंचे प्रमाण १५ टक्के आणि दुसऱ्यात ३० टक्के आढळले. मृत्यूंच्या आकड्यांचे संख्याशास्त्रीय वजन प्रथम सांगितले गेले त्यापेक्षा कमी असल्याची दुरुस्ती पुढे छापली गेली, म्हणून त्यांवर फार भार टाकू नये. परंतु दोन्ही मजल्यांवर झाड होते, खोलीही होती आणि फरक एवढाच होता की एका ठिकाणी मांडणी राहणाऱ्याची होती.

मराठी कुटुंबात गावाकडचे घर मिटवून मुलाच्या सदनिकेत आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत याचे उपयोजन सरळ आहे. त्यांची खोली बहुधा त्यांच्या येण्याआधीच, कपाटांच्या लॅमिनेटपासून पडद्याच्या रंगापर्यंत, तयार झालेली असते, आणि त्यांनी आणलेली पत्र्याची ट्रंक, पाट, देवांचा डबा, फ्रेमला तडा गेलेले लग्नातले छायाचित्र यांची रवानगी माळ्यावर होते. पसाऱ्याचा त्रास खोटा नाही. लॉस एंजलिसमधील नोकरदार दांपत्यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या स्त्रिया आपल्या घराचे वर्णन करताना पसाऱ्याचा उल्लेख वारंवार करत, त्यांच्या शरीरातील ताण-संप्रेरकाची पातळी दिवस मावळताना जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती. तथापि पसारा कोणता आणि ऐवज कोणता याचा निवाडा त्या वस्तूंच्या मालकाकडेच राहू द्यावा लागतो. न्हाणीघरात धरायला दांडी, न घसरणारी फरशी, अंथरुणावरून हात पोचेल तेथे दिव्याचे बटण या गोष्टी मुलाने न विचारता कराव्यात. पलंग कोणत्या भिंतीला लावायचा, देव कोठे ठेवायचे आणि ट्रंक खोलीत राहणार की नाही, हे मात्र विचारूनच ठरवावे, आणि उत्तर गृहसजावटकाराच्या आराखड्यात बसत नसेल तर आराखडा बदलावा.