समजून घ्या : कर्करोगाचे उपचार संपले, तपासणीचा खर्च किती वर्षे?

तोंड, जीभ, घसा किंवा स्वरयंत्राच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झाले, मोठे बिल सरकारी योजनेतून भागले. रुग्ण घरी येतो. मात्र पुढची किमान पाच वर्षे तपासणीच्या फेऱ्या असतात आणि त्यांचा हिशेब अनेक घरांनी केलेलाच नसतो.

किती फेऱ्या लागतात?
अमेरिकेतील 'एनसीसीएन'च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या वर्षी दर 1 ते 3 महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी 2 ते 6 महिन्यांनी, तिसऱ्या ते पाचव्या वर्षी 4 ते 8 महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा तपासणी करावी. अनुक्रमे दर 2, 3 आणि 6 महिन्यांनी गेल्यास पाच वर्षांत 16 फेऱ्या होतात. त्यातल्या 10 पहिल्या दोन वर्षांत, कारण आजार उलटण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो. बरे वाटते म्हणून याच फेऱ्या टाळणे महागात पडते.

पैसा कुठे जातो?
डॉक्टर तोंडात पाहतात, मान चाचपतात, गरजेप्रमाणे दुर्बिणीने घसा तपासतात. सरकारी रुग्णालयात याला फारसा खर्च येत नाही. खरा खर्च प्रवास, मुक्काम आणि बुडालेल्या मजुरीचा. परगावाहून मुंबईला येऊन परतायला दोन दिवस आणि सोबत एक जण धरला, तर 16 फेऱ्यांत 64 दिवसांची मजुरी जाते.

दर वेळी स्कॅन हवा का?
नाही. केमो-रेडिएशननंतर साधारण 12 आठवड्यांनी केलेला पेट-सीटी स्कॅन उपयोगी ठरतो. 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 564 रुग्णांच्या अभ्यासात त्यामुळे बहुतेकांची मानेची शस्त्रक्रिया टळली, खर्च वाचला आणि जगण्याचे प्रमाण घटले नाही. नंतर लक्षणे नसताना वारंवार स्कॅन केल्याने आयुष्य वाढते, असा ठोस पुरावा नाही. 'या स्कॅनने उपचारात काय बदलेल?' हे डॉक्टरांना जरूर विचारा. मानेला रेडिएशन दिले असेल, तर थायरॉइडची टीएसएच ही साधी रक्तचाचणी मात्र दर 6 ते 12 महिन्यांनी करावी.

योजनेत काय बसते?
'आयुष्मान भारत'मध्ये कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांचे संरक्षण आहे, पण डिस्चार्जनंतरचा खर्च 15 दिवसांपुरताच मिळतो. पुढची बाह्यरुग्ण तपासणी त्यात येत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत निवडक उपचारांसाठी फॉलो-अप पॅकेज आहे. आपला उपचार त्यात बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून डिस्चार्जपूर्वीच समजून घ्या. तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र घ्या. मधल्या काही तपासण्या जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे चालतील का, हेही विचारा.

तारखेची वाट कधी पाहू नये?
दोन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत नवी गाठ, आवाजात बदल किंवा गिळताना त्रास जाणवल्यास पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.